अठराचं अक्षर

बसाप्पा वर्तमानपत्र उलटं वाचायचा. पान माझ्या हातात असायचं, सुलटं. तो समोरच्या स्टुलावर बसून चहा पीत पीत उलट्या बाजूनं ते वाचून संपवायचा आणि मी पहिल्या बातमीच्या मध्यावर असताना म्हणायचा, "उलटा की पान अक्का, किती येळ त्येच चघळालाय." छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अक्षरं जन्मभर उलटीच असतात, त्यामुळे त्याला त्यात काही विशेष वाटत नसे. मला राग यायचा. अजून येतो. तो मेला म्हणून राग गेलेला नाही.

त्याच्या शोकसभेत पाच जण बोलले. पाचही जणांनी त्याला देवमाणूस म्हटलं. मी मागे बसले होते. मला कुणी बोला म्हटलं नाही ते बरंच झालं. देवमाणूस नव्हता तो. हट्टी होता, फटकळ होता, आणि एका बाबतीत तर त्याने उघड नालायकपणा केला. हातातलं काम मात्र असं की पुन्हा तसा जुळारी होणार नाही. दोन्ही खरं आहे. ज्यांना एकच ऐकायचं असेल त्यांनी सभेला जावं, हे वाचू नये.

मी कसबा बावड्याची, चौथी पास. नवरा गेल्यावर शहरातल्या एका छापखान्यात बाइंडिंगच्या कामाला लागले. मोठे छापलेले कागद यायचे, त्यांच्या घड्या घालून पुस्तकाची पानं लावायची. घड्या घालता घालता मी वाचत गेले. पोथ्या, अहवाल, शाळेची पुस्तकं, जाहिराती, काही सोडलं नाही. माझं शिक्षण तिथे झालं. बसाप्पा माझ्या आधीपासून तिथे होता. मुरगूडकडचा, लिंगायत घरातला. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडला की दोन्ही. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी म्हणून तो मला अक्का म्हणायचा.

शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द, शब्दांची ओळ, ओळींचं पान, हे त्याचं काम. दोन शब्दांत, दोन ओळींत मोकळी जागा हवी असेल तर तिथेही शिसंच घालतात, पण ते खिळ्यापेक्षा ठेंगणं असतं. शाई वरून फिरते, ठेंगण्याला लागत नाही, म्हणून कागदावर ती जागा कोरी दिसते. बसाप्पा म्हणायचा, "कोरी जागा फुकट येत न्हाय अक्का, ती पन जुळवावी लागती." प्रत्येक पान जुळवून झालं की तो ते सुतळीने बांधायचा आणि सुतळीत एक चिठ्ठी खोचायचा. काम कुणाचं, अक्षर केवढं, काय विशेष, सगळं त्या चिठ्ठीवर. दुसरे जुळारी चिठ्ठी लावायला विसरत. तो कधी विसरला नाही. ही चिठ्ठी आणि ते ठेंगणं शिसं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बत्तीस वर्षांत मी त्याला 'चुकलो' म्हणताना ऐकलं नाही. एकदा एका बड्या घरच्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताचा वार चुकला. बुधवारचा गुरुवार झाला. सगळा गठ्ठा छापून झालेला. मालक येऊन ओरडायला लागले. बसाप्पा जागचा हलला नाही.

"कॉपी बघा," म्हणाला, "मग प्रूफ बघा. जुळाऱ्याकडं शेवटाला या."

हाताने लिहून आलेली ती कॉपी सापडेना. मग प्रूफ तपासणाऱ्या मास्तरांनी बोलणी खाल्ली. गरीब माणूस, मान खाली घालून उभा राहिला. संध्याकाळी केर काढताना कॉपी मला सापडली, बसाप्पाच्याच स्टुलाखाली. त्यावर स्वच्छ बुधवार लिहिलेलं. मी कागद घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. त्याने तो वाचला, उलटाच.

"अक्का, घडी घाला त्येची."

"आणि मास्तर?"

"मास्तर काय मेलं न्हाईत."

रविवारी सुट्टी असताना तो एकटा आला, पत्रिका पुन्हा जुळवली, स्वतः मशीन मारून छापली आणि सोमवारी गठ्ठा मालकांच्या टेबलावर ठेवला. मास्तरांशी एक शब्द बोलला नाही. चूक दुरुस्त करायची, कबूल करायची नाही, ही त्याची रीत. कागदाला तेवढं पुरतं.

त्याला एकच मुलगी, उमा. शाळा सुटली की छापखान्यात येऊन माझ्याशेजारी बसायची. मला आत्ती म्हणायची, त्यांच्यात आत्याला म्हणतात तसं. पाचवीत तिला चष्मा लागला, बाटलीच्या बुडासारखा जाड. पुस्तकातलं अक्षर दिसेना म्हणून पोरगी रडायला लागली, तर या माणसाने तिच्या सगळ्या कविता मोठ्या अक्षरांत, अठरा पॉइंटच्या खिळ्यांत जुळवून छापून दिल्या. वर्गातल्या इतर पोरी त्या बघायला मागायच्या. नव्वदच्या पुढे संगणक आले, खिळ्यांची कामं आटली, आणि एक दिवस मालकांनी खिळे मोडीत काढले. शिशाच्या भावाने गेले सगळे. बसाप्पाने फक्त वेलीच्या पट्ट्या मागून घेतल्या, लग्नपत्रिकेच्या कडेला छापायच्या. डालड्याच्या डब्यात घालून घरी नेल्या. "उमाच्या पत्रिकेला लागतील," म्हणाला.

उमाने पत्रिका छापायची वेळच आणली नाही. संगणकाचं शिक्षण घेतलं, नोकरीला लागली आणि बरोबरच्या, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी कचेरीत सह्या करून लग्न केलं. लग्न झालेल्या मुलीचं नाव रेशनकार्डातून कुणीही कमी करतंच. याने दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. कचेरी उघडायच्या आधी दारात जाऊन उभा होता.

इथपर्यंत मी समजू शकते. बाप आहे, ताठा आहे, गल्ली आहे. पण चार वर्षांनी त्याची बायको गौरव्वा गेली आणि त्याने उमाला कळवलं नाही. "पत्ता न्हाय माझ्यापाशी," म्हणाला. पत्ता गौरव्वाच्या ट्रंकेत होता, पातळाच्या घडीत, आणि ते त्याला माहीत होतं. उमाला मैत्रिणीकडून कळलं तेव्हा आईला माती देऊन आठ दिवस झाले होते. ती बेंगळूरहून आली. उन्हाची, एकटी. दारात उभी राहिली. हा उंबऱ्याच्या आत.

"काय पायजे पावणं?"

आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात.

"अप्पा, मी."

"ह्या घरात आता बाईमानूस न्हाय. काय काम आसंल तर भाईरच सांगा."

'सांगा' म्हणाला. पोटच्या पोरीला. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग चपला घातल्याचा आवाज आला. मी आत चहा ठेवत होते. सगळं ऐकलं.

त्यानंतर दोन महिने मी त्याच्याशी बोलले नाही. मग बोलले. एका गल्लीत राहायचं म्हणजे बोलावं लागतं.

तोवर तो एका टायपिंगच्या दुकानात प्रूफं तपासायला लागला होता आणि तिथेच संगणक शिकला होता. जुना एक संगणक घरी आणून ठेवला होता. एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाला, "अक्का, तुमच्या वह्या द्या." छापखान्यातल्या उरलेल्या कागदांच्या वह्या शिवून त्यांत मी काहीबाही लिहीत असे. छापखान्यातली माणसं, बावड्यातल्या बायका, उसाच्या गाड्या. म्हणाला, आता कागद नको, मालक नको, ब्लॉग काढायचा. तुम्ही लिहायचं, मी जुळवायचं. नाव ठेवलं 'घडी'. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

ब्लॉगला तयार कपडे मिळतात, त्याला टेम्प्लेट म्हणतात. पहिलं पान त्याने दाखवलं तेव्हा माझ्या सगळ्या वेलांट्यांची डोकी उडालेली.

"बसाप्पा, ह्या कापल्या कुणी?"

"टेम्प्लेट इंग्रजी हाय. इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर काय नसतंय, बोडकी जात. त्येंच्या मापाचा सदरा आपल्या अंगात घातलाय, काखंत उसवनारच."

"मग शिव की नीट."

"शिवालोय न्हवं."

ते शिवणं म्हणजे सीएसएस. मला त्याने सांगितलं ते असं: लेख वेगळा, लेखाची जुळणी वेगळी. अक्षर केवढं, दोन ओळींत जागा किती, कडेचा समास किती, रंग कुठला, याची एक लांब यादी पानामागे असते, इंग्रजी शब्दांत आणि आकड्यांत. यादीत आकडा बदलला की पान बदलतं. त्याला इंग्रजीचा अर्थ कळत नसे. पण जन्मभर अर्थ न कळता त्याने इंग्रजी जुळवलं होतं, त्यामुळे त्याला त्याची भीती नव्हती. एक आकडा बदलायचा, पान बघायचं, आकडा वहीत टिपायचा. पुन्हा बदलायचा. ओळींमधली जागा वाढवल्यावर वेलांट्यांची डोकी परत आली. मग वरच्या नावाकडे वळला. टेम्प्लेटवाल्याने नावातली अक्षरं ऐसपैस सुटी केली होती. इंग्रजीत ते चालतं. आपल्यात शिरोरेघ तुटते. बसाप्पा चिडून म्हणाला, "दोरी तोडली आनि कापडं वाळत घातल्यात." तिरकी अक्षरं दिसली की त्याचं डोकंच फिरायचं. "मराठी अक्षर आसं कलंडत न्हाय. प्यालंय व्हय?"

असे आठ महिने. मी लेख देऊन ठेवायचे आणि हा दोन ओळींतल्या केसाएवढ्या जागेवर बसून राहायचा.

"अरे, लोक लिखाण वाचतात का जागा?"

"जागा वाचत्यात. त्येस्नी ठाव नसतंय."

पांढऱ्याशुभ्र पानाचा रंग बदलून त्याने ताकासारखा केला. निळ्या अक्षरांचे दुवे हिरवे केले. आणि एक दिवस पानाच्या डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वेलीची पट्टी आली. मी ती ओळखली. डालड्याच्या डब्यातली. तिला शाई लावून कागदावर उमटवली होती आणि त्याचा फोटो चढवला होता.

"ही लग्नपत्रिकेची वेल माझ्या लिखाणावर कशाला? म्हातारपणी मला उजवायला काढलीस काय?"

"आसू द्या की. डब्यात गंजालती."

शिसं गंजत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ब्लॉगवर वाचणारी माणसं खाली आपलं मत लिहितात. कुणी गावाचं विचारायचं, कुणी माझ्या चुका काढायचं. पण एक 'अनामिक' होतं, त्याने माझ्या लिखाणावर एक अवाक्षर कधी काढलं नाही. "अक्षर थोडं लहान वाटतं." एवढंच. पुढच्या आठवड्यात बसाप्पाने अक्षर वाढवलं. "दुवे निळे आहेत, डोळ्यांना लागतात." लगेच हिरवे. "उजवीकडचा समास कमी आहे." वाढवला. मी म्हटलं, "हे कोण शहाणं? मी एवढं रक्त आटवून लिहिते आणि हे समास मोजतंय!"

"वाचतंय न्हवं, मग झालं," बसाप्पा म्हणाला आणि पडद्याकडे वळला.

एकदा तीन आठवडे अनामिकाचं काही आलं नाही. बसाप्पा जेवेना, बोलेना. मग एका सकाळी मी पान उघडून घेतलं तर अक्षर मुंगीएवढं. मी तरातरा त्याच्या घरी गेले. "माझ्या वाचणाऱ्यांचे डोळे फोडायला निघालास काय रे?" तो शांतपणे म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दोन दिवस." दुसऱ्या दिवशी अनामिकाचं आलं: "अक्षर एकदम बारीक झालं आहे. वाचता येत नाही." बसाप्पाने ते वाचलं, मला दोन कप चहा पाजला, आणि अक्षर पुन्हा मोठं केलं. जन्मात चूक न करणाऱ्या माणसाने मुद्दाम चूक करून ठेवली होती. आता मीही इतकी बावळट नव्हते.

"उमा आहे ती," मी म्हटलं.

"कोन उमा?"

"बसाप्पा, दोन ओळी लिही. माझ्या लेखाखाली लिही, कुणाला कळणार नाही. चुकलो म्हण."

"जुळारी दुसऱ्याचं जुळवतोय अक्का. सवताचं न्हाय."

मी कप आपटला. कान तुटला त्याचा. तो कप अजून आहे माझ्याकडे.

पुढच्या पावसाळ्यात त्याची डावी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, शब्द ओढत यायचे. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मी कानाशी जाऊन विचारलं, "उमाला कळवू का?" म्हणाला, "न्हाय." एवढा शब्द मात्र नीट आला. मी त्याची ट्रंक उपसली, गौरव्वाची उपसली. पत्ता नव्हता. त्यानेच कुठेतरी घातला असणार. मग आठवलं, ब्लॉगची किल्ली, म्हणजे तो गुप्त शब्द, त्याने मला चिठ्ठीवर लिहून दिला होता. मी ठरवलं, ब्लॉगवरच लिहायचं, बसाप्पा आजारी आहे. ती वाचते. तिला कळेल.

बावड्यात शैला नावाची बाई नेट कॅफे चालवायची. तिच्याकडे गेले. तिने किल्ली लावली, इकडे तिकडे दाबलं आणि लेख लिहायच्या जागेऐवजी ती लांब यादी उघडली. "ह्ये न्हवं, चुकलं," म्हणून ती बंद करणार तोच मला इंग्रजीच्या गर्दीत मराठी ओळी दिसल्या. मी तिचा हात धरला.

प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर एक ओळ होती. चिठ्ठी. सुतळीत खोचायचा तशी.

"उमाचा चष्मा पाचवीपासून. अठराच्या खाली जायचं नाही."

"पांढरं तिला टोचतं. ताकाचा रंग ठेवणे."

"तिच्या आईला हिरवा आवडायचा. दुवे हिरवे."

"वेल उमाच्या पत्रिकेची. छापली नाही. इथे लावली."

"या आठवड्यात अक्षर मुद्दाम बारीक केलं. ती बोलली."

आणि सगळ्यांत खाली, शेवटच्या आकड्यांच्या वर: "दारातून परत पाठवली. कॉपीतली चूक नाही. प्रुफातली नाही. जुळाऱ्याची."

मी ती ओळ तीनदा वाचली. मग माझं डोकं जे तापलं! माझ्या ब्लॉगचं त्याने पोस्ट ऑफिस केलं होतं, त्याचा राग नाही. लिहायचं होतं तर दिसेल असं का नाही लिहिलं, याचा.

"शैला, हे पानावर का दिसत नाही?"

"त्या बगा, दोन्ही बाजूला तिरकी काठी आनि चांदनी हाय. त्येच्या मदलं छापत न्हाय. ते नुसतं लिवनाऱ्यासाठी आसतंय."

मला वाटलं, कळलं. ठेंगणं शिसं. शाई लागत नाही म्हणून दिसत नाही, वर उचललं की दिसेल. छापखान्यात आयुष्य गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

"काठ्या काढ. चांदण्या काढ. सगळ्या."

"काकू, मोडंल बगा कायतरी."

"मोडू दे. काढ!"

तिने एकेक काढलं, जतन केलं आणि पान उघडलं. बसाप्पाच्या चिठ्ठीतला एक शब्द पानावर उमटला नव्हता. उलट ताकाचा रंग गेला, वेल गेली, हिरवं गेलं, अक्षर मुंग्यांसारखं झालं, वेलांट्यांची डोकी पुन्हा उडाली. त्याने आठ महिने जुळवलेलं मी पाच मिनिटांत पाडलं. शैला म्हणाली, परत घालते काठ्या. कुठे कुठे होत्या ते आठवत तिने पहिली घातली आणि वीज गेली. आमच्या भागाला दुपारची चार तास जायची. आजाराचं लिहायचं होतं ते राहिलंच. मी घरी आले ती दिसेल त्याला शिव्या देत.

संध्याकाळी वीज आल्यावर शैला धावत आली. हातात कागद. पानाखाली अनामिकाने लिहिलं होतं: "आत्ती, पान मोडलं आहे. पानामागची यादी कुणालाही उघडता येते, काय मोडलं ते बघायला उघडली. वाचलं. अप्पा पान असं कधी ठेवणार नाहीत. कुठे आहेत?" आणि खाली फोन नंबर. तिला फोन करून दवाखान्याचं सांगितलं; बसाप्पाला रात्री एवढंच सांगितलं, पान मोडलंय.

उमा दुसऱ्या दिवशी सकाळी आली. सरळ दवाखान्यात. मी खाटेशी होते. तिने बॅग खाली ठेवली, चष्मा पुसला आणि बापाकडे बघत उभी राहिली. त्याने डोळे उघडले. मी वाट बघत होते.

"पान... कुनी मोडलं?"

"आत्तीनं," उमा म्हणाली.

"नीट कर."

"करते."

"अठरा..."

"ठाऊक हाय अप्पा. अठराच्या खाली जायचं न्हाय."

त्याने मान हलवली. झालं. एवढंच. माझा संयम सुटला. मी खाटेवर वाकून म्हटलं, "बसाप्पा, पोरगी आली आहे. आत जे लिहिलंयस ते एकदा तोंडाने बोल. 'चुकलो' एवढा एक शब्द बोल. मरायला टेकलास तरी ताठा जाईना होय?"

नर्स माझ्याकडे बघायला लागली. बसाप्पाने माझ्याकडे नजर वळवली. वाकड्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू होतं, मी शपथेवर सांगते.

"अक्का," म्हणाला, "घडी घाला."

तिसऱ्या दिवशी गेला. बोलला नाही.

माती दिल्यावर उमा शैलाकडे बसली. बापाच्या वहीत सगळे आकडे होते, पण तिला वही लागली नाही. एकेक ओळीला तिने पुन्हा काठी-चांदणी घातली. ताकाचा रंग आला, वेल आली, अक्षर मोठं झालं. मी मागे उभी. शेवटच्या ओळीशी आली तेव्हा मी म्हटलं, "ती तरी बाहेर काढ ग. लेख म्हणून टाक. लोक देवमाणूस म्हणाले त्याला, त्यांना वाचू दे."

"न्हाय आत्ती. ते तिथंच ऱ्हाऊ दे."

"कधी बोलला नाही तुझ्याशी. हे असलं पुरतं तुला?"

"मला पुरतं."

"मला नाही पुरत."

ती हसली, बापासारखी, एका कोपऱ्यातून. "मग तुमी लिवा तुमच्या वहीत. मी जुळवीन. आतलं मात्र हलवायचं न्हाय."

म्हणून लिहिलं. आता ब्लॉगची जुळणी बेंगळूरहून उमा करते. हाही कागद मी तिलाच पाठवणार आहे, आणि म्हणून एक गोष्ट बाकी आहे, ती या कागदावर घालते.

उमा, तू आईच्या मागे आलीस त्या दिवशी अप्पा एकटा होता असं तुला वाटतं. मी तुला कधी सांगितलं नाही. मी आत होते. तो तुला पावणं म्हणाला ते ऐकलं. तू उभी होतीस तेवढा वेळ मी चहाच्या भांड्याकडे बघत बसले. उठून बाहेर आले असते, तुझा हात धरून आत घेतलं असतं, तर त्याची मला हुसकायची छाती नव्हती. मी उठले नाही. गल्ली काय म्हणेल, भावाच्या घरात आपण कशाला पडा, असं काहीतरी मनात होतं. त्याच्यावर इतकी वर्षं चिडले त्यातला निम्मा राग कुणाचा होता ते मला माहीत आहे.

ती चूक माझी. याला काठी-चांदणी लावू नकोस. अठराच्या अक्षरात छाप. तुला दिसायला हवं.